चाळीसवाले आणि पंचेचाळीसवाले

ब्रिटनमध्ये कायमचं राहायचं असेल किंवा नागरिकत्व घ्यायचं असेल तर 'लाइफ इन द यूके' नावाची टेस्ट द्यावी लागते. ५० पौंड फी, ४५ मिनिटं, २४ प्रश्न, १८ बरोबर आले की पास. तिचं एक सरकारी पुस्तक आहे आणि इथली आपली मंडळी ते अक्षरशः घोकतात, आठव्या हेन्रीच्या सहा बायका क्रमाने, कोणाचं डोकं उडवलं आणि कोण वाचली वगैरे. मी पण घोकलं. पण विसाव्या शतकाच्या प्रकरणाशी येऊन अडकले, म्हणजे कठीण होतं म्हणून नाही, तर त्या पानांवर काहीतरी गंमत चालू आहे असं सारखं वाटत राहिलं.

गंमत अशी की डंकर्क, बॅटल ऑफ ब्रिटन, ब्लिट्झ, डी-डे हे सगळं होतं, चर्चिलच्या माहितीची चौकट येते, आणि लगेच मजूर पक्षाचं सरकार, बेव्हरिज रिपोर्ट, एनएचएस म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, मजूर पक्षाचा पंतप्रधान अ‍ॅटलीची चौकट, बेव्हरिजची चौकट. एकाच कुटुंबाच्या अल्बममधले फोटो असावेत तसं शेजारी शेजारी. पुस्तकात भांडण नाही. पण पुस्तक मिटून बाहेर आलं, टीव्ही लावला, पबमध्ये किंवा ऑफिसात कान दिला की कळतं की ही दोन वेगळी घराणी आहेत आणि दोघांचाही दावा आहे की खरा ब्रिटन आमचा. एका घराण्याचं वर्ष १९४०, आम्ही एकटे उभे राहिलो, वाकलो नाही. दुसऱ्याचं १९४५, लढून घरी आलो आणि मग दवाखाने, घरं, शाळा उभ्या केल्या. मी मनातल्या मनात त्यांना चाळीसवाले आणि पंचेचाळीसवाले म्हणते. बहुतेक माणसं दोन्ही थोडी थोडी असतात हे खरंच, पण राजकारणात उतरलं की एकच निवडायला लावतात.

आधी चाळीसवाल्यांचं बघू, कारण आवाज त्यांचा मोठा आहे.

डंकर्कची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. २६ मे ते ४ जून १९४०, फ्रान्सच्या किनाऱ्यावर कोंडलेलं सैन्य, आणि मग मासेमारीच्या होड्या, सहलीच्या बोटी, हौशी लोकांच्या यॉट, सगळे खाडी ओलांडून गेले आणि जवानांना घेऊन आले. जवळपास ३ लाख ३८ हजार माणसं सुटली. होड्या गेल्या हे शंभर टक्के खरं आहे. पण सुटलेल्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त लोक किनाऱ्यावरून नाही तर बंदराच्या लांबलचक धक्क्यावरून नौदलाच्या मोठ्या जहाजांवर चढले, आणि एकूण माणसांत सव्वा लाखाच्या आसपास फ्रेंच होते, आणि मागे राहून जर्मनांना थोपवून धरणारेही बरेचसे फ्रेंचच होते. खुद्द चर्चिलने ४ जूनच्या भाषणात बजावलं होतं की माघार घेऊन युद्धं जिंकली जात नाहीत. ते वाक्य कोणी मगवर छापत नाही. त्याच भाषणातलं किनाऱ्यांवर लढू ते मात्र सगळ्यांना पाठ.

आणि स्कॉटलंडमध्ये जाऊन हेच विचारा. तिथे विशेषतः हायलँड्सच्या बाजूला १९४० म्हणजे सेंट व्हॅलरी, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं एक गाव. डंकर्क होऊन आठवडा झाल्यावर, १२ जूनला, ५१ वी हायलँड डिव्हिजन तिथे जर्मनांच्या हाती लागली, हजारो पोरं पाच वर्षं कैदेत गेली. एकच महिना, एकच समुद्रकिनारा म्हणा ना, पण इंग्रजांसाठी चमत्कार आणि स्कॉट घरांसाठी न आलेली पोरं. ब्रिटिश आठवण म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं इंग्लिश असतं, हे मला इथे यायच्या आधी कळत नव्हतं.

मग ते 'एकटे' प्रकरण. फ्रान्स पडल्यावर डेव्हिड लो या व्यंगचित्रकाराचं एक चित्र आलं होतं, खवळलेल्या समुद्रात खडकावर एक सैनिक मूठ उगारून उभा, ठीक आहे तर मग, एकटेच लढू अशा अर्थाची ओळ खाली. ते अजूनही सगळीकडे दिसतं. पण त्याच उन्हाळ्यात 'पंच' मासिकात अजून एक चित्र आलं, दोन सैनिक समुद्राकडे बघत बसलेत, एक म्हणतो बिचारं आपलं साम्राज्य आता जगात एकटं पडलं, दुसरा म्हणतो हो ना, पन्नास कोटी आहोत आपण. मला हे दुसरं चित्र फार आवडतं. त्या काळच्या वाचकाला त्यातला जोक लगेच कळला असणार, म्हणजे तेव्हा लोकांना माहीत होतं की आपण एकटे नाही. विसर नंतर पडलाय.

विसर पडला ती माणसं कोण, तर भारताच्या सैन्यात युद्ध संपेपर्यंत २५ लाख लोक होते, सक्तीची भरती नव्हती तरी. बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये, म्हणजे १९४० च्या जर्मनांविरुद्धच्या हवाई लढाईत, लढलेल्या जवळपास तीन हजार वैमानिकांत १४५ पोलिश होते, न्यूझीलंडचे, कॅनडाचे, झेकोस्लोव्हाकियाचे वेगळे. पोलिश ३०३ स्क्वाड्रनचा पराक्रम तर रॉयल एअर फोर्सच्या कागदोपत्रीच आहे, आणि १९४६ च्या लंडनच्या विजय संचलनात पोलिश सैन्य दिसलं नाही, कारण स्टालिनला दुखवायचं नव्हतं. त्या लढाईत विमान उडवलेला शेवटचा जिवंत माणूस जॉन हेमिंग्वे मार्च २०२५ मध्ये १०५ वर्षांचा होऊन गेला. तो डब्लिनचा. आयरिश! तटस्थ देशातला माणूस. एकट्या ब्रिटनच्या गोष्टीचा शेवटचा साक्षीदार ब्रिटिश नव्हता, हे असं कोणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने जरा जास्तच होतंय म्हणून कापलं असतं.

लंडनमध्ये बकिंगहॅम पॅलेसच्या बाजूला कॉन्स्टिट्यूशन हिलवर मेमोरियल गेट्स आहेत. भारतीय उपखंड, आफ्रिका आणि कॅरिबियनमधल्या सैनिकांसाठी. कधी उभारले? २००२ मध्ये. युद्ध संपून ५७ वर्षांनी. तिथे एक छोटी छत्री आहे, आपल्याकडच्या समाधीवर असते तशीच घुमटाची, आणि आत मान वर करून बघितलं की व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेल्यांची नावं कोरलेली दिसतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव, दोघांनाही इटलीतल्या लढायांसाठी क्रॉस मिळाला, घाडगेंना मरणोत्तर. टुरिस्ट तिथून चेंजिंग ऑफ द गार्ड बघायला घाईघाईने जातात, मी पण पहिल्यांदा तशीच गेले होते. आणि १९४३ चा बंगालचा दुष्काळ, ज्यात २० ते ३० लाख माणसं मेली असं इतिहासकार धरतात, तो तर टेस्टच्या पुस्तकात नाहीच. २०२० मध्ये इथल्या इतिहासकारांनी जाहीर पत्र लिहून त्या पुस्तकातल्या साम्राज्याच्या आणि गुलामगिरीच्या वर्णनावर आक्षेप घेतला होता. पुस्तक अजून तेच आहे.

ब्लिट्झबद्दल, म्हणजे जर्मनांच्या बॉम्बहल्ल्यांबद्दल, थोडं सावधपणे बोलते कारण चाळीस हजारांहून जास्त साधी माणसं त्यात गेली, लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब पडले, आणि त्यानंतर सकाळी उठून कामावर जाणारी माणसं खरंच होती, ती काही नंतर रचलेली दंतकथा नाही. पण धीर होता म्हणून राग नव्हता असं नाही. ते 'कीप काम अँड कॅरी ऑन' पोस्टर घ्या, आता उशीपासून चड्डीपर्यंत सगळ्यावर असतं. १९३९ मध्ये २५ लाखांच्या आसपास छापलं आणि युद्धात जवळपास लावलंच नाही, नंतर बहुतेक रद्दीत गेलं. २००० साली नॉर्थम्बरलंडमधल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात जुन्या पेटीच्या तळाशी एक प्रत सापडली आणि मग त्याचा धंदा झाला. म्हणजे ज्याला आपण युद्धातली आठवण समजतो ती एकविसाव्या शतकातली वस्तू आहे. आणि त्याच मालिकेतलं जे पोस्टर खरोखर लावलं होतं त्यावर होतं की तुमचं धैर्य, तुमचा आनंदीपणा, तुमचा निर्धार आम्हाला विजय मिळवून देईल. लोक वैतागले. मरणार आम्ही आणि जिंकणार तुम्ही का, असं.

बेथनल ग्रीन हे पूर्व लंडनमधलं ट्यूब स्टेशन, युद्धात हवाई हल्ल्यापासूनचा आसरा. ३ मार्च १९४३ ला सायरन झाला, लोक आत जायला लागले, जवळच्या व्हिक्टोरिया पार्कातून नवीन प्रकारची विमानविरोधी रॉकेट्स सुटली, तो आवाज ओळखीचा नव्हता, लोक घाबरून पुढे सरकले, अंधाऱ्या ओल्या पायऱ्यांवर कोणीतरी पडलं आणि १७३ माणसं चेंगरून गेली. ६२ त्यात मुलं. बॉम्ब एकही पडला नव्हता. पायऱ्यांना मधोमध धरायला कठडा नव्हता, दिवा जेमतेम, आणि स्थानिक कौन्सिलने ते दार सुधारायला आधी परवानगी मागितली होती आणि वरून नकार आला होता. चौकशीचा अहवाल युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवला. स्मारक पूर्ण झालं २०१७ ला, तेही लोकांनी वर्षानुवर्षं पैसे गोळा करून. आज त्या पायऱ्यांना कठडा आहे, मधोमध. मी तिथून जाते तेव्हा हात त्यावर जातोच.

आणि मला वाटतं १९४५ समजायचं तर तो कठडा समजला पाहिजे. म्हणजे पंचेचाळीसवाले म्हणतात तशी ही गोष्ट आनंदाने आणि एकजुटीने सुरू झालीच नाही, ती चिडून सुरू झाली. पुन्हा तिशीतल्या बेकारीत आणि सावळ्या गोंधळात परत जायचं नाही या हट्टातून. पहिल्या महायुद्धानंतर वीरांसाठी घरं बांधू म्हणून सांगितलं होतं आणि वीरांना वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या, ते पाहिलेली पिढी अजून जिवंत होती, तिला पुन्हा बनवणं सोपं नव्हतं.

त्यात युद्धाने दोन गोष्टी केल्या. एक, सप्टेंबर १९३९ मध्ये पहिल्या तीन-चार दिवसांत शहरांतून १५ लाखांच्या आसपास मुलं, आया, शिक्षक खेड्यांत हलवले, आणि गावातल्या बऱ्या घरच्या बायकांनी पहिल्यांदा जवळून पाहिलं की लिव्हरपूल किंवा लंडनच्या गरीब ईस्ट एंडमधलं पोर कसं असतं, अंगावर धड कपडे नाहीत, डोक्यात उवा, कधी बूट घातलेले नाहीत. काहींनी नाकं मुरडली, काही हादरल्या. दोन, बॉम्बहल्ल्यांत जखमी खूप होतील म्हणून सरकारने सगळी हॉस्पिटलं, धर्मादायवाली आणि कौन्सिलवाली, एका तात्पुरत्या योजनेखाली आणली. म्हणजे सरकार हॉस्पिटलं चालवू शकतं हे दाखवायला कोणत्या समाजवादी पुढाऱ्याची गरज पडली नाही, ते हिटलरच्या भीतीने आधीच करून झालं होतं.

मग १ डिसेंबर १९४२ ला बेव्हरिज रिपोर्ट. विल्यम बेव्हरिजचा जन्म रंगपूरचा, आताच्या बांगलादेशातला, वडील आयसीएसमध्ये न्यायाधीश, आई अ‍ॅनेट म्हणजे बाबरनाम्याचं इंग्रजी भाषांतर करणारी. हे मला कळलं तेव्हा मी नवऱ्याला जाऊन सांगितलं, तो म्हणाला टेस्टला येणार आहे का, नाही ना, मग पुढचं वाच. तर तो रिपोर्ट. तीनशे पानांचा, आकडेवारीने भरलेला, विम्याच्या हप्त्यांबद्दलचा सरकारी कागद, आणि लंडनमध्ये किंग्सवेवर सरकारी छपाईच्या दुकानाबाहेर त्याच्यासाठी रांग. पूर्ण आणि संक्षिप्त मिळून सहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. गरिबी, आजार, अज्ञान, बकाली आणि बेकारी हे पाच राक्षस मारायचे असं त्यात म्हटलं होतं. इजिप्तमधली एल अलामीनची लढाई नुकतीच जिंकून झाली होती, लोकांना पहिल्यांदा वाटायला लागलं होतं की आपण जिंकू बहुतेक, आणि जिंकून काय करायचं याचा कागद हातात आला. सैन्यातल्या जवानांना चालू घडामोडी शिकवणाऱ्या विभागाने त्याचा सारांश काढला, तर युद्ध खात्याने तो दोन दिवसांत मागे घेतला. मग काय, ज्याने वाचला नव्हता तोही शोधायला लागला.

१९४५ च्या निवडणुकीचं मतदान ५ जुलैला झालं पण निकाल २६ जुलैला, कारण जगभर पसरलेल्या जवानांची मतं आणायची होती. चर्चिल मधल्या काळात जर्मनीत पॉट्सडॅमच्या परिषदेत स्टालिन आणि ट्रुमनबरोबर बसला होता, निकालासाठी परत आला आणि परिषदेला पुन्हा गेलाच नाही, अ‍ॅटली गेला. मजूर पक्षाला ३९३ जागा. प्रचारात चर्चिलने रेडिओवर सांगितलं होतं की समाजवाद्यांना राज्य चालवायला कसली तरी गेस्टापो, हिटलरच्या गुप्त पोलिसांसारखी, लागेल, आणि ज्या अ‍ॅटलीबद्दल हे चाललं होतं तो पाच वर्षं त्याच्याच मंत्रिमंडळात बसून युद्ध चालवत होता. लोक चर्चिलच्या मिरवणुकीला टाळ्या वाजवायला गेले आणि मत दुसऱ्याला दिलं. एकाच माणसाबद्दल कृतज्ञ असणं आणि त्याच्या हातात आपलं घर न देणं, दोन्ही जमलं त्यांना. आजच्या चाळीसवाल्या-पंचेचाळीसवाल्यांना हेच जमत नाही, असं माझं मत.

त्यानंतरची वर्षं छान रंगीत होती असं समजू नका. ब्रेडवर युद्धात कधी रेशन नव्हतं, ते आलं जुलै १९४६ मध्ये, जिंकल्यावर! रेशनिंग पूर्ण संपलं ४ जुलै १९५४ ला. अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलर कर्ज घेतलं, त्याचा शेवटचा हप्ता डिसेंबर २००६ मध्ये फेडला, म्हणजे टोनी ब्लेअर पंतप्रधान असताना देश अजून दुसऱ्या महायुद्धानंतरचे हप्ते भरत होता.

दक्षिण लंडनमध्ये पेकहॅम, ईस्ट डलिच या भागातल्या जुन्या कौन्सिल इस्टेटींच्या, म्हणजे स्थानिक कौन्सिलने बांधलेल्या वसाहतींच्या, बाहेर एक विचित्र कुंपण दिसतं. काळ्या रंगाचं, आडवं, लोखंडी नळ्यांची चौकट आणि आत जाळी, आणि नळ्यांना दोन्ही टोकांपाशी एक एक वळण. नीट बघितल्याशिवाय लक्षात येत नाही. ती स्ट्रेचर आहेत. ब्लिट्झच्या वेळी हवाई हल्ल्यातल्या जखमींना उचलायला लाखोंनी बनवलेली, विषारी वायूचा हल्ला झाला तर धुवून काढता यावीत म्हणून लोखंडाची, आणि ते वळण म्हणजे जमिनीवर ठेवताना टेकायचे पाय. युद्धात जुनी लोखंडी कुंपणं सरकारने काढून नेली होती, युद्ध संपल्यावर कौन्सिलकडे स्ट्रेचर उरली आणि कुंपणं नव्हती, तर कोणीतरी ती उभ्या खांबांना वेल्ड करून टाकली. शहाणपणाचं काम. आता बऱ्याच ठिकाणी गंजलीत, काही इस्टेटींनी काढून टाकली, काही ठिकाणी सायकली बांधलेल्या असतात. मी एकदा फोटो काढत होते तर वरच्या गॅलरीतून एका आजींनी विचारलं काय झालं, तुटलंय का, कौन्सिलकडून आलात का. मी स्ट्रेचरचं सांगितलं तर म्हणाल्या ते माहितीय गं, रंग कधी लावणार ते विचारतेय.

त्या आजींचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण १९४५ ची पण आता पूजाच चालू झालीय. एनएचएस ५ जुलै १९४८ ला सुरू झालं, आरोग्यमंत्री अ‍ॅन्युरिन बेव्हन मँचेस्टरजवळच्या पार्क हॉस्पिटलात गेला, फोटो झाले. वेल्समधल्या ट्रेडेगर गावातल्या कामगारांचा स्वतःचा वैद्यकीय फंड होता, त्यावरून त्याने हे उचललं होतं. पण तीन वर्षांत, १९५१ ला, दातांच्या कवळ्या आणि चष्म्यांना पैसे आकारायचे ठरले तेव्हा त्याने राजीनामा दिला. फुकट म्हणजे पूर्ण फुकट ही गोष्ट तिच्या जन्मदात्याच्या डोळ्यांसमोरच संपली. आज प्रिस्क्रिप्शनचे पैसे इंग्लंडमध्ये लागतात, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये लागत नाहीत. वेटिंग लिस्ट २०२३ मध्ये इंग्लंडात ७७ लाखांवर गेली होती. हुजूर पक्षाचा माजी अर्थमंत्री नायजेल लॉसन म्हणाला होता की एनएचएस ही इंग्रजांची धर्माच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट आहे. तो काही कौतुकाने बोलत नव्हता, पण पंचेचाळीसवाल्यांनी ते कौतुक म्हणून घेतलं.

आणि या देवळात पुजारी कोण? २२ जून १९४८ ला, एनएचएस सुरू व्हायच्या तेरा दिवस आधी, एम्पायर विंडरश जहाज लंडनजवळच्या टिलबरी बंदराला लागलं, कॅरिबियनमधली माणसं घेऊन, त्यातले कितीतरी युद्धात एअर फोर्समध्ये काम केलेले. पुढे तिकडच्या नर्सेस आणि आपल्याकडचे डॉक्टर नसते तर हे हॉस्पिटल प्रकरण चाललंच नसतं. २०१८ मध्ये उघड झालं की त्याच पिढीतल्या लोकांना, लहानपणी आलेल्या, आयुष्यभर टॅक्स भरलेल्या लोकांना, कागद दाखवा म्हणून नोकरीवरून, घरातून, दवाखान्यातून हाकललं जात होतं, काहींना तर देशाबाहेर काढलं. आणि त्यांच्या आगमनाची जुनी लँडिंग कार्डं गृहखात्यानेच २०१० ला नष्ट केली होती. सध्या व्हिसावर असलेल्या मोठ्या माणसाला एनएचएससाठी वर्षाला १,०३५ पौंड सरचार्ज आगाऊ भरावा लागतो, पगारातून टॅक्स कापला जातो तो वेगळा. भरते मी. तक्रार नाही असं म्हणणार नव्हते, आहे तक्रार.

तर हे दोन कळप. २०१२ च्या ऑलिंपिकच्या उद्घाटनात दिग्दर्शक डॅनी बॉयलने मैदानात हॉस्पिटलचे बेड आणले, नर्सेस नाचल्या, विंडरशचे प्रवासी आले, पंचेचाळीसवाल्यांच्या डोळ्यांत पाणी. एका हुजूर खासदाराने त्याच रात्री ट्विट करून डाव्यांचा बहुसांस्कृतिक कचरा म्हणून शिवी घातली. मग २०१६. सगळे म्हणतात ब्रेक्झिट म्हणजे डंकर्क स्पिरिट, आम्ही एकटे बघून घेऊ. ते होतंच. पण ती लाल बस आठवा, तिच्यावर काय लिहिलं होतं? युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड देतो, ते एनएचएसला देऊया. आकडा फसवा होता ते जाऊ दे. पण बघा ना, भाषा चाळीसची आणि लालूच पंचेचाळीसची. दोन्ही घराण्यांना एकाच बसमध्ये बसवलं, युरोपबरोबरच राहू म्हणणाऱ्या बाजूने नुसती नुकसानीची आकडेमोड मांडली, आणि ५२ विरुद्ध ४८ ने गेली मंडळी.

यात वयाचा हिशोब मला फार मजेशीर वाटतो. २०१६ मध्ये सत्तर वर्षांचा माणूस म्हणजे जन्म १९४६ चा. त्याने ब्लिट्झ पाहिली नाही. त्याने पाहिलं ते रेशनचं पुस्तक, कौन्सिलचं नवीन घर, फुकट दूध, फुकट शाळा, गुडघा फुटला तर फुकट डॉक्टर. पुढे शिकला असेल तर कॉलेजला सरकारी ग्रँट. म्हणजे तो पूर्णपणे १९४५ चा मुलगा, आणि बोलतो १९४० बद्दल. आमच्या ऑफिसात असेच एक गृहस्थ होते, आता रिटायर झाले, नोव्हेंबर लागला की कोटाला पॉपी, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचं लाल फूल, लावून यायचे आणि उरलेल्यांच्या कोटांकडे बघायचे. मला म्हणाले तुला लावायची गरज नाही, हे तुझं नाही. वाईट हेतूने नाही, उलट सूट दिल्यासारखं. मी म्हटलं इंफाळ-कोहिमाला जपान्यांशी लढणारे माझे लोकच जास्त होते हो. त्यांनी खरंच मनापासून विचारलं, कोहिमा कुठे आलं? २०१३ मध्ये नॅशनल आर्मी म्युझियमने ब्रिटनची सगळ्यात महान लढाई कोणती म्हणून मतं घेतली तेव्हा इंफाळ-कोहिमा पहिलं आलं होतं, वॉटर्लूच्या वर. त्यानंतर ते पॉपीचा डबा माझ्यापुढे पण करायला लागले. मी लावते. उत्तर आयर्लंडमधल्या एका सहकाऱ्याने कधीच लावली नाही आणि त्याचं कारण त्याला कोणी विचारलं नाही, तिकडच्या अनेकांना ती ब्रिटिश सैन्याची खूण वाटते हे सगळ्यांना माहीत होतं.

कोविडात दोन्ही आठवणी परत एकत्र आल्या. राणीने ५ एप्रिल २०२० च्या भाषणात पुन्हा भेटू म्हणून युद्धातल्या गाण्याची आठवण करून दिली, दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात उभं राहून नर्सेससाठी टाळ्या वाजवत होते, आणि कॅप्टन टॉम मूर, भारतात आणि बर्मात युद्धावर असलेला, शंभरीला टेकलेला माणूस, वॉकर घेऊन बागेत फेऱ्या मारून एनएचएसच्या संस्थांसाठी तीन कोटी पौंडांहून जास्त गोळा करून बसला. मी पण टाळ्या वाजवल्या, छान वाटायचं, शेजारचे दिसायचे. पण १९४८ च्या आधी धर्मादाय हॉस्पिटलं रस्त्यावर डबे वाजवून, छोटे झेंडे विकून पैसे गोळा करायची, आणि बेव्हनला नेमकं तेच बंद करायचं होतं. शंभर वर्षांच्या सैनिकाने दवाखान्यासाठी वर्गणी गोळा करावी लागणं यात अभिमान कुठला आणि लाज कुठली हे त्या वेळी कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर देशद्रोही म्हटलं असतं बहुतेक. मास्क आणि गाऊन कमी पडत होते त्याबद्दलही ब्लिट्झ स्पिरिट ठेवा असंच उत्तर मिळायचं.

आता पुन्हा तोच वाद आलाय. फेब्रुवारी २०२५ मध्ये मजूर पक्षाचा पंतप्रधान स्टार्मरने जाहीर केलं की २०२७ पर्यंत संरक्षणावर जीडीपीच्या अडीच टक्के खर्च करणार आणि त्यासाठी परदेशी मदत ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणणार, पुढच्याच महिन्यात अपंगांच्या भत्त्यांत कपात सुचवली, मग त्याच्याच खासदारांनी बंड केलं तेव्हा जुलैत बरीचशी मागे घेतली. मे महिन्यात मध्येच व्हीई डेचा, युरोपातलं युद्ध जिंकल्याच्या दिवसाचा, ८० वा वाढदिवस झाला, झेंडे, स्ट्रीट पार्ट्या. टीव्हीवर एक विश्लेषक तोंड लांब करून सांगत होते की देशाला आता ठरवावं लागेल, तोफा की भत्ते.

फेब्रुवारी १९४३ मध्ये, म्हणजे स्टालिनग्राडची लढाई नुकती संपली होती आणि युरोपातलं युद्ध अजून सव्वादोन वर्षं बाकी होतं, तेव्हा पार्लमेंटमध्ये बेव्हरिज रिपोर्टवर चर्चा झाली. सरकार चालढकल करत होतं, अर्थमंत्री किंग्सली वूड म्हणत होता पैशाचं काय ते आत्ता सांगता येत नाही, परवडेल की नाही बघू. १२१ खासदारांनी युद्धाच्या ऐन मध्यावर, स्वतःच्याच आघाडी सरकारच्या विरोधात मत टाकलं, त्यातले बहुतेक मजूर पक्षाचे. हरले ते. आणि एनएचएस सुरू झालं तेव्हा देशावरचं कर्ज जीडीपीच्या दुपटीहून जास्त होतं, आजच्यापेक्षा कितीतरी वर.